आगोट भरा, पण वाडीला धरून भरा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आगोट, म्हणजे पावसाळ्याआधी घरात भरून ठेवायची बेगमी, तिच्याविषयी लिहितेय. पत्र जरा लांबणार आहे, कापायचं असेल तर कापा.

मी दापोली तालुक्यात खाडीकाठच्या एका गावात किराणा दुकान चालवते, सासऱ्यांच्या वेळेपासूनचं आहे. हल्ली सुट्टीला आलेली मुंबईची पोरं मोबाईलवर संकटाच्या तयारीचे काय काय व्हिडिओ बघून येतात आणि विचारतात, काकी पंचवीस वर्षं टिकणारं डब्यातलं जेवण ठेवता का, पाणी गाळायची नळी मिळेल का. एकजण तर म्हणाला, काकी खरी गरज बंदुकीची आहे, सगळं कोलमडलं की लोक लुटायला येणार. म्हटलं बाळा, आपल्या वाडीत निम्मी घरं कुलूपबंद, उरलेल्यात सगळे साठीच्या पुढचे, लुटायला येणार कोण, आणि कोणी आलाच तर तो तुझाच चुलता असणार, त्याच्यावर बंदूक धरणार का तू. पोरगा हसला पण विषय काही माझ्या डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसले.

आता हे सगळं निव्वळ खूळ म्हणून सोडून द्यावं असंही नाही बरं का. स्वीडनच्या सरकारने २०१८ मध्ये घरोघर एक माहितीपुस्तिका पाठवली होती, युद्ध किंवा संकट आलं तर घरात काय असायला हवं त्याची, आणि २०२४ मध्ये ती सुधारून परत पाठवली. मार्च २०२५ मध्ये युरोपियन युनियननेही सांगितलं की प्रत्येक घराने ७२ तास स्वतःच्या बळावर काढता येतील एवढी सोय ठेवावी. इतकी श्रीमंत सरकारं लोकांना तीन दिवसांचं बघा म्हणतायत. आपल्याकडे तीन दिवस म्हणजे काय हो, पहिल्या पावसात एक पोल आडवा झाला की तेवढे जातातच, त्याला आपण संकट म्हणतच नाही.

पण २०२० मध्ये जे झालं त्याला संकटच म्हणायचं. ३ जूनला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्याला लागलं, ताशी ११०-१२० किलोमीटरचा वारा, आणि दापोली-मंडणगडपर्यंत सगळं झोडपून काढलं. आधीच लॉकडाऊन त्यात हे. माडापोफळीच्या बागा आडव्या, कौलं उडालेली, रस्त्यावर झाडं, विजेचे खांब तर काडेपेटीतल्या काड्या सांडाव्यात तसे पडलेले. कितीतरी गावांत लाईट यायला आठवडेच्या आठवडे गेले. तेव्हा टंचाई कशाची झाली ते सांगते कारण ते या व्हिडिओवाल्यांना माहीत नसतं. तांदूळ होता, डाळ होती. पाणी नव्हतं. म्हणजे विहिरीत होतं, वरून बघितलं की खाली चमकताना दिसायचं, पण प्रत्येकाने विहिरीवर मोटर बसवलेली आणि मोटर बसवली तेव्हा रहाट काढून जळणात घातलेला. दोर शोधायला गेलो तर घरात फक्त कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी, तिला बादली बांधून ओढली की तळहाताला चरे पडायचे, म्हाताऱ्या माणसांना तर जमेचना. शेवटी एका बंद घराच्या पडवीत जुना लाकडी रहाट निघाला, कणा कुजलेला, सुतारदादांनी दुसरा कणा घालून दिला आणि मग अख्खी वाडी त्या एका विहिरीवर. पुढे जनरेटरवाले फिरायला लागले, टाकी भरून द्यायचे तासाच्या हिशोबाने पैसे घेऊन, ज्याच्याकडे पैसे त्याची टाकी आधी.

मोबाईलचंही तेच. टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांत मेल्या, डिझेल पोचवायला रस्ता नाही, मुंबईतले नातेवाईक तिकडे वेडेपिसे झालेले की आमचे म्हातारा-म्हातारी जिवंत आहेत का. ज्यांच्याकडे सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर होता त्यांनाच बाहेर काय चाललंय ते कळत होतं, आकाशवाणीच्या बातम्या ऐकायला लोक जमायचे त्यांच्या ओटीवर. आणि गंमत बघा, कोयनेचं पाणी आमच्याच जिल्ह्यात पोफळीला उतरतं, तिथे वीज होते, गुहागरला अंजनवेलचा एवढा मोठा प्रकल्प उभा आहे, आणि आम्ही खोबरेल तेलाच्या वातीवर. असो, तो विषय काढला तर पत्र संपायचं नाही.

पैशाचंही सांगते. आता दोन रुपयांची काडेपेटीसुद्धा लोक स्कॅन करून नेतात, मलाही सोपं पडतं सुट्ट्याची कटकट नाही. पण लाईट नाही, रेंज नाही, एटीएम बंद म्हटल्यावर ज्याच्या बँकेत लाखभर पडलेत तो आणि ज्याच्याकडे काहीच नाही तो, दोघं माझ्या गल्ल्यासमोर सारखेच उभे. ८ नोव्हेंबर २०१६ला पण आपण बघितलं, चलनातल्या ८६ टक्के किमतीच्या नोटा एका रात्रीत कागद झाल्या. निसर्गच्या वेळी माझं दुकान चाललं ते उधारीच्या वहीवर. लोक म्हणायचे लिहून ठेवा काकी, मी लिहून ठेवायचे. बहुतेकांनी गणपती-दिवाळीपर्यंत चुकतं केलं, काहींचं राहिलंय ते राहिलंय. मला कोण ओळखीचं आहे, कोणाचा मुलगा पैसे पाठवतो, कोणाचा पाठवत नाही हे माहीत होतं म्हणून वही चालली. ज्या बंगल्यातले लोक कधी दुकानात आलेच नव्हते, सगळा माल गाडीतून शहरातून आणायचे, त्यांचं नाव वहीत कुठल्या पानावर घालायचं हेच मला कळेना. घातलं, नाही असं नाही.

आता दुकानात माल किती असतो ते ऐका. सासरे सांगायचे, त्यांच्या वेळी मे महिन्यात दुकान माळ्यापर्यंत भरायचं, कारण पावसात बोटी बंद, दाभोळला मचवे लागायचे ते बंद, रस्ते म्हणजे चिखल. गुळाच्या ढेपा, मिठाच्या गोणी, रॉकेलचं बॅरल, काडेपेट्या पत्र्याच्या पेटीत घालून वर पोतं, सगळं नारळी पौर्णिमेपर्यंत पुरेल असं. आता काय, सेल्समन येतो, टॅबवर ऑर्डर घेतो, टेम्पो येऊन खाली करून जातो. आठवड्याचा माल, फार तर दहा दिवसांचा. जास्त भरला तर भांडवल अडकतं, एक्सपायरी निघते, उंदीर आहेतच. होलसेलवाल्याचंही तसंच, त्याच्यावरच्याचंही तसंच. म्हणजे पूर्वी जे गोदाम गावात होतं ते आता टेम्पोत बसून रस्त्यावर फिरतंय, आणि रस्ता म्हणजे आमच्याकडे घाट. दूध कोल्हापूरकडचं, कांदा-बटाटा-टोमॅटो घाटावरचा, साखर घाटावरची, अंडी पण घाटावरची. कुंभार्ली, आंबा, वरंधा, आंबेनळी, यातला एखादा घाट दरडीने बंद पडला की दुसऱ्या दिवशी कोथिंबीर नाही, तिसऱ्या दिवशी दूध नाही, मग दूध पावडरवर उड्या. १ जानेवारी २०२४ला ट्रकवाल्यांचा संप झाला आठवतंय ना, त्या हिट अँड रनच्या कायद्यावरून, जेमतेम दोन दिवस, तर पेट्रोल पंपावर रांगा लागल्या होत्या महाराष्ट्रभर.

आणि हे फक्त घाटापुरतं नाही. गॅसचं बघा, देशाला लागतो त्यातला निम्म्याहून जास्त एलपीजी बाहेरून येतो, त्यातला बराचसा आखातातून, कच्चं तेल तर ८५ टक्क्यांच्या वर बाहेरचं. सरकारने विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूरला जमिनीखाली तेलाचे साठे केलेत, काठोकाठ भरले तरी देशाला साधारण साडेनऊ दिवस पुरेल एवढे, बाकी कंपन्यांकडे असतं ते वेगळं. खायचं तेल निम्म्याच्या वर आयात. एप्रिल २०२२ मध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात बंद केली, जेमतेम तीन-चार आठवड्यांची बंदी, पण युक्रेनच्या युद्धाने सूर्यफुलाचं आधीच अडकलेलं होतं, तर इथे माझ्या दुकानात बायका तेलाच्या पिशवीवरची किंमत दोन-दोनदा वाचत होत्या. कुठे इंडोनेशिया कुठे आमचं गाव.

श्रीलंकेचं उदाहरण मला सगळ्यात जवळचं वाटतं, कारण तोही नारळ, भात नि मासळीचाच मुलूख. २०२१ मध्ये रासायनिक खतं एकदम बंद केली, भात घसरला, परकीय चलन संपलं, २०२२ मध्ये रोज दहा-दहा तेरा-तेरा तास लाईट नाही, परीक्षा पुढे ढकलल्या का तर छापायला कागद नाही, जूनच्या शेवटी तर खासगी गाड्यांना पेट्रोल-डिझेल द्यायचंच बंद केलं होतं, मच्छिमारांच्या होड्या रॉकेल-डिझेलवाचून किनाऱ्याला. जुलैत लोक राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यात शिरले. पण तिथेही ज्याच्या परसात माड आणि फणस होता आणि शेजाऱ्याशी बोलणं होतं तो निभावला. आपल्याकडेही जुनी माणसं सांगायची, १९४२ला जपानने ब्रह्मदेश घेतला आणि रंगूनचा तांदूळ यायचा बंद झाला. कोकणात स्वतःचा तांदूळ तेव्हाही वर्षभर पुरत नव्हता, मुंबईच्या मनीऑर्डरीवर आणि बाहेरच्या तांदळावर चाललेलं. तेव्हा लोक करांदे, कणगर असले रानकंद, सुरण खाऊन राहिले, नाचणीच्या आंबिलीवर राहिले. आजच्या किती जणांना जंगलातलं कणगर ओळखू येईल, शेवळाची रानभाजी काकडं ही आंबट रानफळं घातल्याशिवाय शिजवली तर घसा खाजून काय हाल होतात हे किती सुनांना माहीत आहे सांगा.

आता माझा मुद्दा. टंचाई नंतर येते, आधी एक संध्याकाळ येते आणि खरं वाटोळं त्या संध्याकाळी होतं. २४ मार्च २०२०, रात्री आठला भाषण झालं, साडेआठला माझ्या दारात गर्दी. एकाने साखरेचा अख्खा कट्टा मागितला, ५० किलोचा, घरात माणसं दोन. दुसऱ्याने तेलाचे डबे. पैसे रोख, वर बोलतात काय तर तुम्हाला धंदा नको का. मी एका घराला साखर दोन किलो, तेल दोन लिटर अशी पाटी लावली तर माझ्याशी भांडले, काहीजण अजून बोलत नाहीत. पण माझं म्हणणं सरळ होतं. आमच्या गावात आंबा बागांवर राखणीला नेपाळी असतात, बोटीवर खलाशी असतात, कातकरीवाडी आहे, ही सगळी रोज संध्याकाळी मजुरी घेऊन येणारी गिऱ्हाईकं, दहा रुपयांचं तेल, पाव किलो डाळ, पाच रुपयांची चहा पावडर. साठा करायला त्यांच्याकडे पैसाही नाही नि जागाही नाही, माझं दुकान हेच त्यांचं कोठार. ते कोठार त्या रात्री दोन गाड्यांच्या डिकीत गेलं असतं तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांना काय सांगणार होते. आणि जी साखर लोकांनी कुठून कुठून मिळवून भरली ती पुढे पावसाळ्यात पाझरली, हे पण मला माहीत आहे कारण तीच मंडळी विचारायला आली होती ओली साखर कशी सुकवायची.

म्हणून मी म्हणते साठा करा, जरूर करा, पण फेब्रुवारीपासून मेपर्यंत करा, दर महिन्याला थोडा जास्त घ्या, तेव्हा दुकानात माल असतो, भाव ठीक असतो, कोणाच्या ताटातलं जात नाही, उलट मला अंदाज येतो आणि मी जास्त मागवते. आपल्याकडे याला आगोट म्हणतात आणि ती भरायची रीत होती, आता ती फक्त सुक्या मासळीच्या बाजारापुरती उरलीय. आमच्या सासूबाईंची आगोट म्हणजे कणगीत भात, मडक्यात कोकमाची सोलं, खारातल्या कैऱ्या, फणसाच्या आठळ्या मातीत घोळवून, आंब्याची साठं, कुळथाची पिठी, सुकट-बोंबील-जवळा डब्यात दाबून, वर्षाचा मसाला, चिंचेचे गोळे मीठ लावून, माळ्यावर फाटी म्हणजे जळणाची लाकडं आणि शेणी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असतेच, त्यामुळे दोन महिने मासळीचं काय याचा हिशोब आधीच झालेला असायचा. नाचणी तर नीट वाळवून ठेवली की वर्षानुवर्षं किडत नाही, तांदूळ किडतो, गहू किडतो, नाचणी नाही, आणि ही नाचणी आता आम्ही घाटावरून आणून विकतो, काय बोलायचं. तूरडाळीला एरंडेल चोळून ठेवायचं, तांदूळ कडक उन्हं दाखवून गच्च भरायचा, आत हवा राहू द्यायची नाही, कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्या त्याला फार चांगल्या, धुऊन कोरड्या मात्र ठणठणीत झाल्या पाहिजेत. आणि जे रोज खाता तेच ठेवा हो, जुनं आधी काढा नवीन मागे ठेवा, ते परदेशी पाकिटातलं भाजीचं सूप संकटात काढून खायला घातलं तर पोरं आणखी रडतील.

पाऊस पण आता कॅलेंडर बघत नाही. २०२५ मध्ये मान्सून २५ मेलाच महाराष्ट्रात शिरला, त्याच्याही आधीपासून आमच्याकडे झोडपत होता. बायकांची मासळी ओट्यावर भिजून वास मारायला लागली, पापड-सांडगे राहिले, आंबा झाडावर गेला, लाकडं भरायची राहिली. म्हणजे पूर्वी मेअखेरीस आगोट झाली की चालायचं, आता पंधरा मेच्या आत उरकायला हवी असं दिसतंय.

औषधांचं फार कोणी लक्षात घेत नाही. आमच्या शेजारच्या काकूंना रोज इन्सुलिन. निसर्गमध्ये फ्रीज बंद, त्या रडकुंडीला आलेल्या. त्यांच्या मुलीने दोन मडकी घेतली, एकात एक, मध्ये वाळू, वाळूवर पाणी शिंपडायची, वर ओलं फडकं, आत प्लास्टिकच्या डबीत इन्सुलिन, आणि ते मडकं घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात, जमिनीवर. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की वापरात असलेली बाटली तीसएक डिग्रीच्या आत साधारण चार आठवडे चालते, न उघडलेल्यांना मात्र थंडावा लागतोच. हे आधीच विचारून ठेवायला काय जातं. बीपीच्या, थायरॉईडच्या, फिटच्या गोळ्या महिनाभर जास्तीच्या, पुरानंतर लेप्टोचा ताप येतो त्याचं काय घ्यायचं ते आरोग्य केंद्रात विचारून, पाणी उकळून, ग्रामपंचायतीकडे पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर आहे का आणि ती गेल्या वर्षीची तर नाही ना हे बघून. जुलाब लागले आणि ओआरएसचं पाकीट नसलं तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट छोटे चमचे साखर आणि तसलाच अर्धा सपाट चमचा मीठ, हे तर शाळेतल्या पोरांना पाठ पाहिजे.

आता ते समाज कोलमडण्याचं. पोरं म्हणतात भूक लागली की माणूस जनावर होतो. मी जे बघितलं ते जरा वेगळंच आहे. २२ जुलै २०२१ला चिपळूण बुडालं, वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, आमचा होलसेलचा माल तिकडूनच येतो, गोदामंच्या गोदामं चिखलात. रेल्वे बंद, वाशिष्ठीच्या पुलावरून जाता येईना. त्याच दिवशी महाडजवळ तळियेवर दरड आली. तेव्हा लुटालूट झाली का, तर कुठून कुठून माणसं आली हो, पुण्याची, कोल्हापूरची, खुद्द कोल्हापुरात पूर असताना, फावडी घेऊन चिखल काढायला आली. इतके कपडे आले की नंतर रस्त्याकडेला ढीग पडून होते, आणि इतक्या पाण्याच्या बाटल्या. म्हणजे संकट आलं की लोक धावतात, चुकीच्या वस्तू घेऊन का होईना.

तडा गेलेला मी बघितला तो २०२०च्या लॉकडाऊनमध्ये, आणि तेव्हा कोणी उपाशी नव्हतं. गावांनी रस्त्यावर ओंडके टाकले, चर खणले, मुंबईहून चालत-सायकलवर आलेल्या आपल्याच माणसांना वेशीवर अडवलं. जे चाकरमानी वर्षानुवर्षं देवळाला पत्रे घालतात, पालखीला वर्गणी देतात त्यांना शाळेत नेऊन ठेवलं, आणि काही ठिकाणी शाळेत पाणी नेऊन द्यायला कोणी तयार नाही. भीती होती, मान्य, मलाही होती, घरात म्हातारी माणसं. गणपतीला यायचं तर आधी दहा दिवस वेगळं राहा असा सरकारी नियम होता तोही समजू शकते. पण तेव्हा जी बोलणी झाली ती अजून आहेत, दोन घरं भावकीत अजून एकमेकांच्या गणपतीला जात नाहीत. ज्या वाड्यांनी आधी बसून ठरवलं की कुठलं घर रिकामं आहे, डबा कोण देणार, विहीर कुठली वापरायची, तिथे असं काही झालं नाही. आमच्याच गावात दोन वाड्या, दोन तऱ्हा.

त्यामुळे मला वाटतं एकट्या घराची तयारी कोकणात फारशी कामाची नाही. शेतं पडीक पडलीत, माकडं आणि रानडुकरं काही ठेवत नाहीत, गुरं गेली, शेण नाही, जोत नाही. एकट्याने शेती करायची म्हटलं तर राखण कोण करणार, पण सगळी वाडी एका पट्ट्यात भात आणि नाचणी लावेल तर पाळी लावून राखण होते, आमच्याकडे बचत गटाच्या बायकांनी करून दाखवलंय, थोडंच पण केलंय. तसंच प्रत्येक वाडीत एका तरी सार्वजनिक विहिरीवर रहाट आणि सुताचा दोर पाहिजे, तो कोणाच्या पडवीत राहणार हे ठरलेलं पाहिजे. कोणाकडे करवत आहे, कोणाकडे जनरेटर, कोणाकडे चालू ट्रान्झिस्टर, कोण नर्स होती, कोणाला इंजेक्शन येतं, कोण एकटं राहतं, कोण बिछान्यावर आहे, हे एका वहीत लिहिलेलं पाहिजे, मोबाईलमध्ये नको. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७ नंबर भिंतीवर. घरात दहा-वीस-पन्नासच्या नोटा थोड्या. चूल विसरू नका, गॅस असला तरी, आणि माळ्यावर कोरडी फाटी. बंद घरांच्या मालकांनी एक किल्ली शेजारी ठेवायला काय हरकत आहे, वादळात त्यांच्याच छपराची कौलं आधी उडतात आणि आम्ही बाहेरून बघत बसतो. आणि दुकानदारांनी पण, मी माझ्या धंद्यातल्या लोकांना सांगते, अशा वेळी मेणबत्ती-ताडपत्रीचे भाव चढवणाऱ्याचं नाव गाव विसरत नाही. निसर्गनंतर पत्र्यांचे काय भाव झाले होते ते अजून लोक मोजून सांगतात.

शेवटी रेशनचं. २०२५ मध्ये केंद्राने राज्यांना सांगितलं होतं की जून ते ऑगस्टचं रेशन पावसाआधी उचलून एकदम वाटा. निर्णय उत्तम, ही सरकारी आगोटच झाली. तो दरवर्षीचा नियम करा आणि खाडीपलीकडच्या, घाटाखालच्या गावांना धान्य १० मेच्या आत पोचवा, कारण अंत्योदयवाल्या घरात महिन्याला ३५ किलो येतं आणि प्राधान्यवाल्यांना माणशी ५ किलो, त्यांची खरी बेगमी तीच आहे. दुसरं म्हणजे ते ई-पॉस मशीन. अंगठा लागला तर धान्य, आणि अंगठा लागायला रेंज पाहिजे. करोनात गिऱ्हाईकाऐवजी दुकानदाराच्या अंगठ्यावर धान्य द्यायची सवलत होती पण मशीनला नेटवर्क लागतंच. म्हणजे वादळात टॉवर पडला की दुकानात गोणी रचलेल्या आणि बाहेर कार्डधारक उभे, मधे एक बंद मशीन. टॉवर बंद असेल तितके दिवस कागदी रजिस्टरवर, सरपंच आणि पोलीस पाटलांच्या सहीने वाटप करता येईल असा लेखी आदेश तहसीलदारांनी मे महिन्यातच प्रत्येक रेशन दुकानात लावून ठेवावा, वादळ आल्यावर आदेश काढला तर तो आमच्यापर्यंत पोचणार कसा, रेंज नसताना. आमच्या ग्रामसभेत हा ठराव मी मांडणार आहे, इतर गावांनीही मांडावा, आणि जिल्हा पुरवठा अधिकाऱ्यांचं यावर काय म्हणणं आहे ते आपल्या बातमीदाराने विचारून छापावं ही विनंती.

आपली,
एक किराणा दुकानदारीण
ता. दापोली, जि. रत्नागिरी